सहदेवकाकांच्या होड्या

हे लिहिणारच नव्हते मी. खरंच. आपल्या भागाच्या दिवाळी अंकासाठी दामलेकाकांनी मला सांगितलं होतं, 'आपण तलाव कसा वाचवला' यावर छान दोन पानं दे, तू कॉलेजात जातेस, तुझं मराठी चांगलं आहे. मी हो म्हटलं. बसले. आणि लिहायला लागले की दर वेळी सहदेवकाका मधे येतात. तीनदा कागद फाडला. उत्तराला, म्हणजे सहदेवकाकांच्या मुलीला (ती आणि मी एकाच वर्गात), विचारलं, लिहू का तुझ्या बाबांवर? तर म्हणाली, "कशाला? आता लिहून तलावात होडी जाणारेय का?" म्हणून सोडून दिलं. आज दुपारी टायपिंग क्लासला मशीन रिकामं होतं, बसले, आणि बोटं थांबेनात. म्हणून हे असं आहे. चुका असतील, दामलेकाका सुधारतील. एवढंच, की कापू नका काका. प्लीज.

आपला हरण तलाव सगळ्यांना माहिती आहे. मुलुंडच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी. एका अंगाला आपल्या सोसायट्या, दुसऱ्या अंगाला दगडी चाळ. पण आत्ताचा तलाव म्हणजे रेलिंग, हिरवळ आणि 'गवतावर चालू नये'. मी सांगतेय तो त्याच्या आधीचा. तेव्हा चाळीच्या बाजूला काठावर मोठं जांभळीचं झाड होतं (ते अजून आहे, नशीब), आणि त्या झाडाला दोन होड्या बांधलेल्या असायच्या. एकीचं नाव 'सातेरी', गावच्या देवीचं. दुसरीचं नाव 'प्रेमा'. प्रेमा म्हणजे काकू. सहदेव हडकरांची बायको.

सहदेवकाका मालवणकडचे. गावाला त्यांचे वडील खाडीवर तर (म्हणजे पलीकडे नेणारी होडी) चालवायचे, इकडच्या माणसांना तिकडे सोडायचे. काका मुंबईत आले, परळला गिरणीत लागले, राहायला मात्र मुलुंडला, कारण भावाची खोली होती. होडी त्यांनी हौस म्हणून केली होती. सुट्टीच्या दिवशी पोरांना फिरवायचं, गणपतीत मूर्ती तलावाच्या मध्यावर न्यायची, एवढंच. मग संप झाला. गिरणी गेली ती गेलीच. आणि हौसेची होडी एकदम पोटाची झाली. दुसरी होडी तेव्हा बांधली. काकू डबे करायच्या, काका होड्या चालवायचे. बस. तेवढंच होतं त्यांच्याकडे. दोन होड्या आणि काठाला लावायला एक झाड.

मी लहानपणापासून त्या होडीत बसलेय. रविवारी रांग लागायची. काका सगळ्यांना ओरडायचे, "मधी बसा रे, कडेक नको! हात पाण्यात घालू नको गो, मासो चावतलो!" मासा कधीच कोणाला चावला नाही. पण सगळ्या पोरांनी हात आत घेतलेले असायचे.

आणि एक जोक ठरलेला. कोणी घाबरून विचारलं, काका, ही बुडणार नाही ना? की ते मोठ्याने म्हणायचे, काकू काठावर भांडी घासत असतील तेव्हा तर मुद्दाम, "ही प्रेमा. गळता थोडी, पण बुडवीत नाय."

काकू तिथूनच, "मी गळतंय? आणि तुमचो संसार कोणी तरंगतो ठेवल्यान?"

सगळा काठ हसायचा.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मालवणी माणसांना सांगायला नको, पण आमच्यासारख्यांसाठी. चाळीच्या गणपतीला आरती झाली की एक माणूस पुढे उभा राहतो आणि देवाला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागत जातो, आणि मागचे सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दगडी चाळीत ते काम सहदेवकाकांचं. दर वर्षी. दुसरं कोणी करूच शकत नाही, असा आवाज.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उभी असत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाक नोकरी नाय, त्येका नोकरी दी. कोणाच्या चेडवाचा लगीन रखडला असा, ता जमव. आणि तळमजल्याचो नळ येळेवर येवंदे, म्हाराजा!"

नळाला सगळ्यात जोरात व्हय म्हाराजा.

मी एकदा विचारलं होतं, शाळेत असेन, "काका, तुम्ही तुमच्यासाठी काय मागता?" संपाचं वर्ष होतं ते. त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला उत्तरामुळे माहिती होतं. काका हसले. "गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपला मागूचा नसता गो. सगळ्यांचा मागूचा. आपला त्यात येता."

मला ते तेव्हा भारी वाटलं होतं. काय माणूस आहे यार, असं.

मग ८५ साली क्लब आला. म्हणजे यायला निघाला. एका बिल्डरने तलावाच्या चाळीकडच्या काठावर बोट क्लब करायचं ठरवलं. क्लबहाउस, बोटी लावायला लांब धक्का, हिरवळ, काठाने उंच उंच पाम. त्याच्या पत्रकात त्याला 'मरीना' म्हटलं होतं. चाळीतला रतन म्हणाला, "ती मद्रासला आहे ना? ती इकडे कशी आणणार?" काठावर पाण्यापासून किती अंतर सोडून बांधायचं, काय झाडं लावायची, धक्का कोणाला बांधू द्यायचा, हे सगळं महापालिकेच्या नव्या आराखड्यात ठरणार होतं, आणि त्याआधी लोकांच्या हरकती ऐकणार होते. म्हणून दामलेकाकांनी तलाव बचाव समिती काढली. शरच्चंद्र दामले, आमच्याच सोसायटीतले, बँकेतून रिटायर. पहिल्यांदाच सोसायटीवाले आणि चाळवाले एका सतरंजीवर बसले. मस्त दिवस होते ते, खोटं कशाला बोलू. मी आणि उत्तरा घरोघर फिरायचो. लोक चहा द्यायचे. प्रेमाकाकूंनी मीटिंगला खोबऱ्याच्या वड्या केल्या की दामलेकाका भाषण आटपतं घ्यायचे.

भांडणंही झाली. सोसायटीतल्या जयंतीकाकू म्हणाल्या, पाम दिसतात छान पण, आणि कपडे धुणं बंद झालं तर बरंच की. त्यावर चाळीतल्या मालनमावशी म्हणाल्या, "तुमच्याकडे मशीन आहे बाई. आमचं मशीन तो दगड." मग दोघी बोलेनात. मग सहदेवकाकांनी दोघींना एकाच होडीत बसवून एक चक्कर मारून आणली. उतरल्या तेव्हा बोलत होत्या. काय बोलल्या मधे ते कोणाला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगमधे पक्की ठरली. दामलेकाका म्हणाले, धक्का हा शब्दच आपण मान्य करायचा नाही. छोटा धक्का म्हटलं की क्लब त्यातूनच आत येईल. सगळ्यांनी माना हलवल्या. सहदेवकाकांनी पण.

उत्तराला ते पटलं नव्हतं. ती हुशार आहे, माझ्यासारखी नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने काकांना धरलं, मी तिथेच होते, उंबऱ्यात बसून शेंगा सोलत.

"बाबा, काठाला काहीच नको म्हणालात तर तुमच्या होड्यांचं काय?"

"माझ्यो होड्यो झाडाक असत गो. धक्क्याक नाय."

"नियमात झाड लिहीत नाहीत बाबा. तुम्ही उद्या एवढं बोला. की आमच्या दोन होड्या आहेत, त्या राहू देत. एक वाक्य. बोलाल?"

"बोलतंय."

"नक्की?"

"बोलतंय म्हटलंय मा! शेंगो सोल आता."

सुनावणी शाळेच्या हॉलमधे होती. लहान मुलांच्या बाकांवर सगळे मोठे लोक गुडघे वर करून बसलेले. पुढे टेबलामागे महापालिकेचे साहेब. चांगला माणूस होता हां तो, मी मुद्दाम सांगते. ऐकून घेत होता. क्लबच्या आर्किटेक्टने मोठं चित्र लावलं, त्यात तलाव निळा होता आणि काठावर गोरी माणसं फिरत होती. मग दामलेकाका इंग्रजीत बोलले, अंतराचं, सांडपाण्याचं, सगळं. मग साहेब म्हणाले, चाळीतर्फे कोणी बोलणार का? आणि सगळ्यांनी सहदेवकाकांकडे बघितलं. दुसऱ्या कोणाकडे बघणार? बोलायचं झालं की तेच, ही सवय.

काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा होता, काकूंनी जबरदस्तीने घालायला लावलेला. पहिलं वाक्य त्यांनी शुद्ध काढलं. "साहेब, हा तलाव कोणा एकाचा नाही." दुसऱ्या वाक्याला गाडी मालवणला पोचली. मग काय बोलले, काय बोलले! बायकांका धुवूक दगड रवांदे. गौरीक तेरडो काठावरच गावता, तो उपटू नको. पोरांका जांभळा खावक झाड व्हया, ता पाम काय देतला? "आणि ह्येंच्या गवतार आमच्या पोरांनी पाय ठेवलो तर शिट्टी मारतले, सायबानू! म्हणान क्लब नको. धक्को नको. काठ सगळ्यांचो आसा, तसोच सगळ्यांचो रवांदे, म्हाराजा!"

म्हाराजा निघून गेलं तोंडातून. आणि मागून रतन, सवयीने, "व्हय म्हाराजा!" आणि मग अख्खा हॉल. व्हय म्हाराजा!! आमच्या सोसायटीचे लोकसुद्धा. माझी आई सुद्धा!

साहेब दचकले. "हे काय आहे?"

दामलेकाका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, अनुमोदन आहे."

साहेब हसले. सगळे हसले. आणि मग साहेबांनी काकांना खाली बसू दिलं नाही. म्हणाले, "थांबा. तुम्ही स्वतः होड्या चालवता ना? मी रविवारी बघून गेलोय. क्लबला परवानगी मिळो न मिळो, स्थानिक होड्यांपुरती एक लहान जागा आम्ही नियमात ठेवू शकतो. पण तशी मागणी पाहिजे. तुमची आहे का?"

माझ्या शेजारी उत्तराने माझा हात इतका आवळला. बोला बाबा.

काकांनी मागे वळून बघितलं. सगळे हसत होते, त्यांच्याचकडे बघत होते. अगदी गणपतीसमोर असतात तसे. काकांनी तोंड उघडलं पण होतं, मी शपथेवर सांगते. मग म्हणाले,

"नाय साहेब. माझा काय नाय. सगळ्यांचा तेवढा बघा."

टाळ्या पडल्या. उत्तरा उठून बाहेर गेली.

क्लब हरला. ते तुम्हाला माहितीच आहे. निर्णय आला तेव्हा पेढे वाटले, दामलेकाकांनी काकांना मिठी मारली, "हडकर, जिंकलो!" पूर्ण काठ हरित पट्टा झाला. बांधकाम नाही, क्लब नाही, धक्का नाही. आणि त्याच नियमात पुढे, तलावात कोणत्याही प्रकारची होडी चालवायला, काठाला लावायला मनाई. तेव्हा ते कोणी नीट वाचलंच नाही. क्लब हरला ना, मग झालं.

मग गार्डनवाले आले. सुशोभीकरण म्हणून तेरडा काढला, हिरवळ लावली. धुण्याचा दगड रेलिंगच्या आत गेला, तिकडे फाटक नाही. पाम नाही लावले, अशोक लावले. मालनमावशी म्हणतात, "पामाचा भाऊच तो." आणि एक वॉचमन ठेवला. त्याच्याकडे शिट्टी आहे.

पहिली शिट्टी त्याने सहदेवकाकांना मारली. काका रविवारी 'प्रेमा' सोडायला गेले होते, पोरं रांगेत उभी होती. वॉचमन भला होता बिचारा, बिहारकडचा, नवीन. म्हणाला, चाचा, ऊपर से ऑर्डर है. काका म्हणाले, अरे, ये ऑर्डर हमने ही मांगा था. त्याला वाटलं मस्करी करतायत.

दामलेकाका वॉर्ड ऑफिसला गेले. पुन्हा पुन्हा गेले, हे मी लिहिणारच, काका, तुम्ही काही म्हणा, तुम्ही खूप फेऱ्या मारल्या. शेवटी ते सुनावणीचे साहेब भेटले. ते म्हणाले, "मी विचारलं होतं ना त्यांना? सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा म्हणाले असते तर एका ओळीचं काम होतं. आता नियम मंजूर झाला." दामलेकाका आमच्याकडे येऊन बाल्कनीत नुसते तलावाकडे बघत बसले.

त्या दिवशी उत्तराच्या घरी भांडण झालं. मी तिला वही द्यायला गेले होते, दारातच थांबले. उत्तरा रडत ओरडत होती, "एक वाक्य होतं बाबा! एक! तो माणूस स्वतःहून देत होता!"

"गाऱ्हाण्यात आपला घुसवूचा? लोक व्हय म्हणतले काय?"

"म्हणाले असते! सगळे म्हणाले असते! तुम्ही मागून तरी बघितलंत का?"

प्रेमाकाकू पोळ्या लाटत होत्या. नेहमी त्यांच्याकडे एक टोला तयार असतो. तो आला नाही, तेव्हा मला भीती वाटली.

मग काका म्हणाले, एकदम हळू, "चुकला गो माझा. ता गाऱ्हाणा नव्हता. ता ऑफिस होता."

मी वही न देताच परत आले.

'सातेरी' विकली. भांडुपकडच्या खाडीत कोणीतरी घेतली, टेम्पोतून गेली. 'प्रेमा'ला घ्यायला पण माणूस आला होता. काका नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, "इकून टाका तीका. गळकीक कोण घेतलो परत?" त्यावर काका हसले नाहीत. आता काका एका गोडाउनवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांनाही शिट्टी दिलीय. ते ती घरी खुंटीला अडकवून जातात.

यंदाच्या गणपतीत आरती झाली, आणि काका पुढे आलेच नाहीत. मागे भिंतीला टेकून उभे. सगळे वळून वळून बघतायत. शेवटी म्हणाले, "रतन, तू घाल. माका आता जमाचा नाय." रतनला घाम. तो कसाबसा सुरू झाला, बा देवा म्हाराजा, नोकरी दी, लगीन जमव, नळ... आणि अडकला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. उत्तरा नव्हती ती. प्रेमाकाकू होत्या.

"आणि आमच्यो होड्यो, म्हाराजा!"

बायकांनी मधे बोलायचं नसतं तिथे. कोणी बोललेलं मी तरी बघितलं नाही. मग जे 'व्हय म्हाराजा' झालं ना, असं मी कधी ऐकलं नाही. नळापेक्षा मोठं. आणि मी काकांकडे बघत होते. त्यांना व्हय म्हणायचं माहितीच नव्हतं, ते कायम पुढे उभे राहिलेले. ओठ हलले. आवाज नाही आला. मग चप्पल घालून खाली निघून गेले.

म्हणजे लोक म्हणाले असते. तेव्हाही म्हणाले असते. हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट झालं.

विसर्जन पायऱ्यांवरून केलं. मूर्ती कडेलाच राहिली, अर्धी बाहेर. काकांनी बघितलं नाही.

तर दामलेकाका, तलाव वाचला. खरंच वाचला, क्लब आला असता तर आपण कोणीच तिथे उभं राहू शकलो नसतो, मला कळतं ते. पण मला 'आपण तलाव कसा वाचवला' असं लिहिता येत नाही. सॉरी. 'आपण'मधे कोण कोण येतं तेच मला आता नीट सांगता येत नाहीये.

काका गावाला चाललेत. एकटेच. उत्तराचं शेवटचं वर्ष आहे म्हणून ती आणि काकू इथे. तुळशीचं लग्न झालं की ट्रक ठरलाय, 'प्रेमा'ला घेऊन. गावच्या खाडीवर आता पूल झालाय, तरीच्या फेऱ्या बंद आहेत, पलीकडे जायला होडी कोणाला लागत नाही. मी म्हटलं, मग काका, तिथे नेऊन करणार काय? म्हणाले, "पाण्यात तरी रवात ती."

तोवर ते दुपारी जांभळीखाली असतात. रेलिंगच्या बाहेर, चाळीच्या हद्दीत होडी पालथी घातलीय, तिच्या फटींत काथ्या ठोकत बसतात, वरून डांबर लावतात. गळायची थांबलीय असं म्हणतात. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या होडीत बसलेले आहात. लहानपणी हात आत घेतलेले आहेत. तर जा ना. दिवाळीच्या फराळाचं थोडं घेऊन जा, चकली आवडते त्यांना, कडक. नियमाचं काही बोलू नका, सॉरी पण नको, ते उलट तुमचीच समजूत काढत बसतील. आणि तुमच्यासाठी काही मागायला तर अजिबात सांगू नका. नुसतं बसा. पालथ्या होडीवर दोघांपुरती जागा होते, ते सरकतात. फक्त डांबर ओलं आहे का ते आधी विचारा. आणि लवकर जा, या आठवड्यातच जा.